सरोजताईंचा सायलेन्सर

नाटकं बघणारा माणूस डोंबिवलीत सरोजताई सोहोनींच्या घरी पहिल्यांदा आला, की चहा येईपर्यंत जरा अस्वस्थ असतो. भिंतीवरचं घड्याळ त्याने कुठेतरी पाहिलेलं असतं. कोपऱ्यातली आरामखुर्ची ओळखीची वाटते. समोर ठेवलेल्या ट्रेमधून गेल्याच वर्षी एका सासूने सुनेला विष दिलेलं असतं. सरोजताई शांतपणे म्हणतात, “घ्या हो, धुतलाय.”

‘उंबरा’ ही डोंबिवलीतली हौशी नाटकमंडळी. तिची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावर लागणाऱ्या साऱ्या वस्तू, सरोजताई लग्न होऊन इथे आल्या तेव्हापासून सांभाळतात. वस्तू विकत आणणं त्यांना कमीपणाचं वाटतं. घरातून उचलायचं, नसेल तर घरातल्या वस्तूंपासून बनवायचं. मधुकररावांचा चष्मा एकदा लागोपाठ तीन प्रयोगांत एका वकिलाच्या नाकावर होता, आणि मधुकरराव घरी हात लांब करून पेपर वाचत होते. त्यांनी तक्रार केली नाही. सरोजताईंचा नवरा म्हणून इतकी वर्षं काढलेल्या माणसाला तक्रार कुठे करावी याचा अंदाज आलेला असतो.

सरोजताईंचा खरा गर्व मात्र वस्तूंचा नव्हता, कानांचा होता. कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी ऑपरेटर म्हणून नोकरी केली. ‘हॅलो’ म्हणण्यावरून पलीकडचा माणूस जेवून बोलतोय की उपाशी, हे त्यांना कळे असं त्या सांगत, आणि कोणी हसलं तर दोन उदाहरणं देत. विंगेत उभं राहून दाराची कडी, टांग्याची टाप, बशी फुटल्याचा आवाज हे सगळं त्या हातांनी काढत, आणि नटाचं वाक्य संपायला आणि आवाज यायला एकच गाठ पडे. सरोजताईंचा आवाज चुकला असं ‘उंबरा’त कधी घडलं नव्हतं.

अलीकडे घरातला टीव्ही जरा मोठ्याने लागत असे. मधुकररावांनी एकदोनदा कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला. सरोजताईंनी त्यांना सांगितलं की हल्लीचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात, आणि तो विषय तिथेच मिटला.

तर गोष्ट अशी झाली, की ठाण्याच्या एका एकांकिका स्पर्धेसाठी श्रियाने नाटक लिहिलं. श्रिया ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत असते, दिग्दर्शन पहिल्यांदाच करत होती, आणि सरोजताईंना काकू म्हणते. नाटकाचं नाव ‘पाहुणा जेवून जाईल’. एका मास्तरांच्या घरी पाहुणा येतो, पोटभर जेवतो, बडीशेप खातो, मग खिशातून पिस्तूल आणि सायलेन्सर काढतो. गप्पा मारत मारत सायलेन्सर पिस्तुलाला फिरवून लावतो, आणि मास्तरांना गोळी घालून निघून जातो. स्वयंपाकघरातल्या बायकोला पत्ताही लागत नाही. पाहुण्याच्या भूमिकेत काळुराम म्हात्रे. हा डोंबिवलीतला जुना आगरी जमीनमालक, तीन इमारतींचा धनी. त्याच्याच हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये तालमी होत. बोलायला गोड, अंगाने आडवा, आणि सफेद सदऱ्याशिवाय दुसरं काही न घालणारा. मरणारे मास्तर म्हणजे सलिल, कॉलेजात इतिहास शिकवणारा, हळू बोलणारा.

पिस्तूल सरोजताईंनी ठाण्याला जांभळी नाक्याच्या बाजारातून आणलं. खेळण्यातलंच, पण वजनदार. दुकानदाराने विचारलं, मुलगा केवढा आहे? सरोजताई म्हणाल्या, पंचावन्न वर्षांचा आहे, हातात नीट बसेल असं द्या. सायलेन्सर मात्र बाजारात मिळेना. मग बेडरूमच्या पडद्याचा अल्युमिनियमचा रॉड कापला. मधुकरराव त्या दिवसापासून सकाळच्या उन्हाने लवकर उठू लागले.

पहिल्याच तालमीत काळुरामने पिस्तूल रोखलं आणि सायलेन्सर सुटून सलिलच्या पायावर पडला. मास्तर गोळी लागण्याआधीच कळवळले. सरोजताईंनी पिस्तूल उलटंसुलटं करून पाहिलं. नळी बारीक, रॉड रुंद, मध्ये फट. काळुरामने दुकानातून नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप आणून दिली. ती गुंडाळल्यावर सायलेन्सर घट्ट बसला, पण आता पिस्तुलाचं तोंड जड होऊन खाली झुकू लागलं, त्यामुळे पाहुणा मास्तरांच्या गुडघ्यावर नेम धरल्यासारखा दिसे. श्रिया म्हणाली, सायलेन्सर काढूनच टाकू या का? सरोजताईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने लगेच पाण्याची बाटली तोंडाला लावली. त्यांनी पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी फॉइलच्या आतली पुठ्ठ्याची नळी घेतली, काळी रंगवली, तिला चकाकी यावी म्हणून वर मेण घासलं. हलकी, तोऱ्यात उभी राहणारी. झालं, सायलेन्सर बरा झाला, असं सगळ्यांना वाटलं.

कोजागिरीला काळुरामच्या इमारतीच्या गच्चीवर, मसाला दुधाआधी, रहिवाशांसमोर नाटक करून बघायचं ठरलं. दसऱ्याला सरोजताईंनी आपल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली होती, अगदी कात्री आणि गोंदाच्या बाटलीसकट. पण तेव्हा सायलेन्सर अजून झुकत होता, आणि आजारी हत्याराची पूजा कशी करायची म्हणून त्यांनी पिस्तूल बाजूला ठेवलं होतं. ती राहिलेली पूजा त्यांनी कोजागिरीला नाटक सुरू व्हायच्या आधी उरकली. झेंडूचं फूल वाहिलं, हळद लावली, आणि सायलेन्सरच्या तोंडाला ठसठशीत ओलं कुंकू.

ते ओलं कुंकू घेऊन सायलेन्सर काळुरामच्या सफेद सदऱ्याच्या खिशात गेला. पाहुणा जेवला, ढेकर दिली, बडीशेप खाल्ली, आणि त्याच्या छातीवर हळूहळू लाल डाग उमटला. समोरच्या बायका हादरल्या. काळुरामची बायको शालू अर्धी उठली. काळुरामला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने रुबाबात सायलेन्सर लावला, चाप ओढला. सायलेन्सर असल्यामुळे आवाज ठेवलाच नव्हता. सलिल धाडकन पडला. लोकांनी अर्थ लावला तो असा, की पाहुण्याच्या छातीतून रक्त येताना बघून मास्तरांना चक्कर आली. पाहुणा निघून गेला तेव्हा एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, दवाखान्यात चाललाय वाटतं, बरं केलं.

हसून हसून दूध सांडलं. सरोजताईही हसल्या. पण सगळे गेल्यावर काळुराम सदऱ्यावरचा डाग चोळत म्हणाला, “कुकवाचा जाव दे ताई. पन यो मास्तर मेला, ते लोकांना कलाया पायजे का नको?”

ही मात्र खरी अडचण होती. बंदुकीचा धडाका झाला, की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. सायलेन्सर लावला की कोणालाच काही कळत नाही. श्रिया म्हणाली, लॅपटॉपवरून एक बारीक आवाज सोडू. सरोजताई म्हणाल्या, ‘उंबरा’त आवाज माणूस काढतो. त्यांनी मधुकररावांच्या सायकलचा पंप आणला. नळीच्या तोंडावर अंगठा दाबायचा, दांडा खाली रेटायचा आणि अंगठा सोडायचा. ‘फुट्’ असा आवाज येई, कोरडा आणि थंड. ऐकून श्रियाच्या अंगावर काटा आला, तेव्हा सरोजताईंनी मधुकररावांकडे एकदा बघून घेतलं.

पण त्याच पंपाने त्यांची लाज काढली. सलिल हळू आवाजात म्हणायचा, “बसा ना, घाई काय आहे?” आणि त्या ‘आहे’वर काळुराम चाप ओढायचा. तेव्हाच पंप वाजला पाहिजे. पंपावर वाकलेल्या सरोजताईंना चाप दिसत नसे, त्या कानांवर विसंबून असत. तर कधी सलिल जमिनीवर पडून मोकळा व्हायचा आणि मग ‘फुट्’. कधी काळुरामचं पिस्तूल अजून खिशात आणि ‘फुट्’. सरोजताईंनी निदान केलं, पंपाचा वायसर गेलाय. काळुरामने दुकानातून नवा चामड्याचा वायसर दिला. त्यांनी तो खोबरेल तेलात भिजवून घातला. दुसऱ्या दिवशी आवाज सुरेख आला, पण पुन्हा उशिरा. मग नळी बदलली. मग म्हणाल्या, हॉलच्या पंख्याची हवा उलटी येतेय, पंखा बंद करा. सगळे घामाने निथळत तालीम करू लागले, आणि सलिल मरायला अगदी तयार असे. तरी पंप चुकतच होता.

दिवाळी झाली. स्पर्धा तोंडावर आली. श्रियाने एका संध्याकाळी फार जपून शब्द निवडले. म्हणाली, काकू, तुमचा आवाज भारीच आहे, आपण तो रेकॉर्ड करून लॅपटॉपवरून सोडला तर? तुम्हाला मग विंगेत उभं राहायचा त्रासही नाही. मुलगी वाईट बोलली नव्हती. पण सरोजताईंनी हातातला पंप खाली ठेवला. विंगेतला अंधार, पडद्याच्या कापडाचा वास, नटाच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभं राहणं, एवढंच तर त्यांनी आयुष्यात हट्टाने मागितलं होतं. ते गेलं तर आपण मंडळींना घड्याळं आणि ट्रे पुरवणारी बाई उरणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. “पंपाचं काय ते उद्या संध्याकाळपर्यंत बघते,” एवढं बोलून त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात टेबलाशी पंप उघडून बसल्या. मधुकरराव फिरायला गेले होते. वर्तमानपत्रावर वायसर, स्प्रिंग, दांडा सगळं मांडलेलं. त्यांनी एकेक भाग पुसला, उजेडात धरून पाहिला. कुठे चीर नाही, कुठे गंज नाही. त्यांना पंपाचा मनापासून राग आला. मग पायाला काहीतरी गार लागलं. त्यांनी खाली पाहिलं. फरशीवर पाणी होतं. मागे वळून पाहिलं तर ओट्याच्या कडेच्या माठाची तोटी अर्धवट उघडी, आणि पाण्याची करंगळीएवढी धार सरळ खाली पडत होती. ती धार चमकत होती, हलत होती, आणि तिचा काहीच आवाज येत नव्हता.

मधुकरराव दारात उभे होते. केव्हा आले ते सरोजताईंना कळलं नव्हतं. ते चपला हातात घेऊन पाण्यातून आले आणि त्यांनी तोटी बंद केली.

“जिन्यात ऐकू येत होतं,” ते म्हणाले.

सरोजताईंनी टेबलावरचा वायसर उचलला आणि पुन्हा जागेवर ठेवला. मग म्हणाल्या, “पंप चांगला आहे हो.”

“मला माहीत आहे,” मधुकरराव म्हणाले, आणि फडकं आणायला गेले.

त्या रडल्या. थोडंच, कारण फरशी पुसायची होती. पण पुसता पुसता त्यांचे हात थांबले. त्यांनी पुन्हा तोटी उघडली आणि भिंतीला टेकून ती धार बघत राहिल्या. मधुकररावांना वाटलं की आता मनावरही परिणाम झाला. “अहो,” सरोजताई म्हणाल्या, “आवाज नाही, तरी मला कळलंच ना काहीतरी झालंय ते?” मधुकरराव नुसतेच हो म्हणाले. एका हातात फडकं होतं, दुसऱ्यात चपला. एवढ्या वर्षांत त्यांनी या चेहऱ्याला ओळखलं होतं. आता घरातला माठ जाणार होता.

संध्याकाळी तालमीला त्या रिक्षातून माठ मांडीवर घेऊनच उतरल्या. सगळ्यांना बसायला सांगितलं. लग्नाची बोलणी करायला आल्यासारखा पदर नीट केला आणि म्हणाल्या, “पंपात दोष नाही. वायसरात नाही, पंख्यातही नाही. सलिल बोलतो ते मला ऐकू येत नाही. बरेच दिवस येत नाहीये. मी पंप खोलत बसले, कारण तो खोलता येतो.”

सलिल अपराध्यासारखा दिसू लागला, जणू त्यानेच त्यांचे कान नेले होते. शेवटी काळुराम खुर्ची पुढे ओढून म्हणाला, “ताई, आमचे घरान सगल्यांचं कान बरं हान, तरी कोन कोनाचा आयकत नाय.” सरोजताईंना ते पहिल्यांदा ऐकूच आलं नाही, त्याने पुन्हा मोठ्याने सांगितलं, आणि मग सगळेच हसले.

सरोजताईंनी पुढचं भराभर सांगून टाकलं. आवाजच नको. ना पंप, ना लॅपटॉप. मास्तरांच्या मागे माठ ठेवायचा. तोटी काढली की माठाला पोटाशी भोक, भोकात लाकडी बूच, बुचाला काळा दोरा, दोरा विंगेत. पाहुण्याने चाप ओढला की दोरा ओढायचा. मास्तर तसेच उभे. आणि मग त्यांच्या मागे पाण्याची धार, गोळी आरपार जाऊन माठाला लागल्यासारखी. “दोऱ्याला वाकावं लागत नाही, मला चाप दिसतो,” त्या म्हणाल्या. “दिसण्यात माझी काही चूक होत नाही. पण दोरा दुसऱ्या कोणी ओढला तरी चालेल. ते तू ठरव.”

श्रिया दिग्दर्शक होती, आणि त्या क्षणी ती खरोखर दिग्दर्शक झाली. तिने सांत्वन केलं नाही. उठली, सलिलला खांद्याला धरून दोन पावलं बाजूला सरकवलं, आणि म्हणाली, “काकू, तुमच्या विंगेतून चाप दिसायला हवा असेल तर माठ इकडे घ्यावा लागेल. दोरा पुरेल ना तुमचा?”

सरोजताईंना ते ऐकू आलं. मुलगी मुद्दाम मोठ्याने बोलली होती.

स्पर्धेच्या दिवशी ठाण्याला काळुरामच्या टेम्पोत सगळ्यात पुढची जागा माठाला मिळाली आणि तो मधुकररावांच्या मांडीवर बसून गेला. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी रंगमंचावर पाणी म्हटल्यावर कपाळाला हात लावला. सरोजताईंनी त्यांना परात दाखवली, पायपुसणी दाखवली, आणि स्वतः पुसून देईन असं वचन दिलं. ते विरघळले. पूजा झाली, नारळ फुटला. काळुरामने सायलेन्सर दोनदा तपासून पाहिला, आणि तरीही खिशात आतून प्लास्टिकची पिशवी लावली. त्याचा सरोजताईंवर जीव होता, पण त्यांच्या कुंकवावर विश्वास उरला नव्हता.

नाटक रंगलं. पाहुणा जेवत होता तेव्हा लोक हसत होते, सायलेन्सर निघाला तेव्हा हसणं थांबलं. काळुरामने तो सावकाश फिरवला. सरोजताई विंगेत दोरा बोटाला गुंडाळून त्याच्या हाताकडे बघत होत्या. सलिलचे ओठ हलले. चाप हलला. सरोजताईंनी दोरा ओढला.

काही झालं नाही. माठ दुपारपासून भरलेला, लाकडी बूच पाणी पिऊन फुगलं होतं. त्यांनी पुन्हा ओढला. बोटात दोरा रुतला. सलिल उभा होता, पिस्तूल रोखलेलं होतं, आणि सगळं नाट्यगृह वाट बघत होतं. विंगेत शेजारी उभ्या श्रियाने डोळे मिटून घेतले. सरोजताईंनी एक पाय विंगेच्या चौकटीला लावला, देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही हातांनी हिसका दिला.

मास्तरांच्या मागे माठातून एक बारीक धार बाहेर आली. दिव्याच्या उजेडात ती चमकली. सलिलने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या छातीकडे पाहिलं. मग तो हळूच खाली बसला, जसा दमलेला माणूस बसतो, आणि तसाच कलंडला. पाणी पडत राहिलं. सरोजताईंना विंगेच्या फटीतून पहिली रांग दिसत होती. एका बाईंचा रुमाल तोंडावर गेला होता. वेफर्सच्या पिशवीत हात घातलेला एक माणूस हात तसाच ठेवून बसला होता. श्रियाने डोळे उघडले आणि सरोजताईंचा दंड इतका घट्ट धरला, की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं.

नाटकानंतर सरोजताई आधी रंगमंच पुसून आल्या, मग बाहेर चहाला. तिथे जाकीट घातलेले एक गृहस्थ मंडळींची वाट बघत उभे होते. ठाण्यात होणारी एकही स्पर्धा आपण सोडत नाही, असं त्यांनी सांगितलं. ते काहीतरी कौतुकाने बोलत होते, पण आजूबाजूला गलबला होता. सरोजताईंनी कानामागे हात धरला.

“जरा मोठ्याने बोला,” त्या म्हणाल्या. “मला कमी ऐकू येतं.”

अनोळखी माणसाला हे सांगणं इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मधुकररावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बायकोकडे बघत राहिले.

“मी म्हणत होतो,” गृहस्थ दणदणीत आवाजात म्हणाले, “तो सायलेन्सरचा आवाज. आम्ही शेवटच्या रांगेत होतो, तरी स्पष्ट ऐकू आला. ‘फुट्’! इतका खरा आवाज मी आजवर नाटकात ऐकला नाही. कसा काढलात?”

सरोजताई दचकल्या. आपल्याला ऐकू आला नाही असा काही आवाज झाला होता की काय? त्यांनी श्रियाकडे पाहिलं. श्रियाने हळूच मान हलवली. नव्हता झाला. काहीच आवाज नव्हता. सगळं नाट्यगृह भरून लोक बसले होते आणि त्या वेळी कोणाच्याही कानाला सरोजताईंपेक्षा जास्त काही ऐकू आलेलं नव्हतं.

त्यांच्या चेहऱ्यावर जुनं, एक्स्चेंजमधलं हसू आलं.

“सायकलचा पंप आहे,” त्या गृहस्थांना म्हणाल्या. “वायसर नवा घातलाय.”